तोरणाला न लागलेलं डोकं

"अडकला!" रमा ओरडली आणि मटकन खाली बसली.

बास्केटबॉलचा चेंडू कडं आणि फळी यांच्या मधोमध जाऊन बसला होता. उन्हाळी सुट्टीतला तो नेहमीचाच प्रकार होता. दिवसातून एकदा तरी तो तिथे जाऊन बसायचाच.

"दगड मार की," चारुशीला म्हणाली. ती आधीच बसलेली होती.

"तूच मार न! माह्या हातात आता खडा उचलाचं बी बळ नाई राह्यलं."

"मग बांबूनं काढ."

"बांबू बापूसाहेबानं लग्नाच्या मांडवाले देला!"

सत्यवती तर चिंचेच्या सावलीत सरळ आडवी झाली होती. डोळ्यांवर ओढणी घेऊन ती म्हणाली, "राहू द्या. उद्या बघू."

तारा तेवढी उभी होती, तीही खांबाला टेकून. ती कर्णधार होती. कर्णधार खाली बसला की संघ संपला, असं खेळ शिकवणारे खुशालराव सर म्हणायचे, म्हणून ती बिचारी बसत नव्हती. साल होतं एकोणीसशे एकसष्ट आणि महिना मे. अमरावतीच्या उन्हात त्या दिवशी कावळेसुद्धा गप्प होते.

थकायला कारण नुसतं ऊन नव्हतं. दर मे महिन्यात अमरावतीच्या या मंडळाच्या मुलींचा अकोल्याच्या मुलींशी सामना व्हायचा आणि दर मे महिन्यात अमरावती हरायची. अकोल्याच्या मुली कड्यासमोर निवांत उभ्या राहायच्या, नेम धरायच्या आणि चेंडू टाकायच्या. त्यांचा चेंडू वरच्या वर अडवील अशी उंच मुलगी अमरावतीकडे एकच होती, कुसुम. तिच्या वडिलांची चांद्याला बदली झाली आणि कुसुम गेली. आता पाच जणींच्या संघात उरल्या चौघी. त्यांतली सगळ्यांत उंच तारा, आणि तिची उडी पाहून खुशालराव सर नुसते हसायचे.

त्यात मंडळाचे चिटणीस बापूसाहेब वकील यांनी सांगूनच टाकलं होतं, "यंदा हरलात तर जूनपासून मुलींचा खेळ बंद! या जागेवर पत्र्याची शेड घालू. निदान लग्नकार्याला तरी कामी येईल."

ताराला ते सारखं आठवायचं. घरी हळू बोल, शाळेत हळू बोल, रस्त्यात तर बोलूच नको. अख्ख्या अमरावतीत मोठ्यानं ओरडता येईल अशी मुलींची ही एकच जागा होती, आणि तिथे आता वऱ्हाडी मंडळी जिलब्या खाणार होती!

बापूसाहेब अगदीच हातावर हात ठेवून बसले होते असंही नाही. उंच मुलगी शोधायला त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक युक्ती काढली होती. मंडळाच्या फाटकाला त्यांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं, चांगल्या उंच माणसाच्या कपाळाला लागेल असं. मग मंडळाच्या उन्हाळी शिबिराच्या पहिल्या दिवशी सगळ्या मुलामुलींसमोर, पाहुण्यांसमोर, टेबलावर हात आपटून ते म्हणाले, "या तोरणाला ज्या मुलीचं डोकं लागेल, तिच्या घरी मी स्वतः नारळ घेऊन जाईन! मानानं बोलावणं करीन! हा माझा शब्द आहे!"

टाळ्या कडाडल्या. पहारेकरी सूर्यभान फाटकाशी स्टूल टाकून बसला. तोरणाची पानं सुकली, मग करपली. शिबिराच्या मुली आल्या, गेल्या, कुणाकुणाच्या आया आल्या, आज्या आल्या.

"कोनाचंच डोकं लागलं नाई जी," सूर्यभान रोज सांगायचा. ते खरंच होतं. फक्त दुपारभर तो स्टुलावर झोपलेला असायचा, हे तो सांगत नसे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघी पाय ओढत मैदानावर आल्या आणि जागच्या जागी थबकल्या.

चेंडू खाली होता. चिंचेच्या बुंध्याशी नीट ठेवलेला, आणि गडगडू नये म्हणून दोन्ही बाजूंना एकेक खडा लावलेला!

"वाऱ्यानं पडला असेल," चारुशीला म्हणाली.

"आणि वाऱ्यानंच खडे लावले का?" तारा म्हणाली. तिनं वर पाहिलं. "अगं, फळीवर बघा!"

फळीवर महिन्याभराची धूळ साचली होती. त्या धुळीत, खालच्या कडेपाशी, एक पंजा उमटला होता. पाची बोटं स्वच्छ दिसत होती. कुणीतरी ओल्या हातानं तिथे थाप मारली होती. तिथपर्यंत मंडळातल्या कुठल्याच मुलीचा हात पोचत नव्हता.

तेवढ्यात बापूसाहेब आले. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि ते गरजले, "चोर! सहा फुटी गडी! भिंतीवरून येत असणार. आज फळीला हात लावला, उद्या नळाची तोटी काढून नेईल! सूर्यभान, असा माणूस दिसला की धर त्याला!"

"धरतो जी," सूर्यभान जांभई आवरत म्हणाला.

बापूसाहेब कचेरीत गेले. ताराच्या डोळ्यांतली झोप मात्र पार उडाली होती. "रमा, माझ्या खांद्यावर चढ."

"काहून?"

"चढ म्हणते ना! तो पंजा जवळून बघ."

रमा सगळ्यांत हलकी. ती खांद्यावर बसली, खांबाला धरून तिनं मान लांब केली आणि हात वर केला. तिचा हात पंज्यापर्यंत पोचला नाही, पण डोळे पोचले.

"तारे, हा गडीमानसाचा पंजा नाई वो! बारीक बोटं हायेत. माह्या हातापेक्षा जराकसाच मोठा!"

"आणखी काय दिसतं?"

"मनगटापाशी रेघा उमटल्या हायेत. वाकड्या वाकड्या... माय वो! बांगड्या!"

"बांगड्या घालणारा सहा फुटी गडी!" चारुशीला खुदकन हसली. "थांबा, मी बापूसाहेबांना सांगून येते."

तारानं तिची वेणी धरली. "सांगशील खबरदार! ते सूर्यभानाला तिच्या मागे पिटाळतील आणि ती परत येणारच नाही. चारू, आपण ज्या मुलीला गावभर शोधतोय ना, ती इथे येऊन गेली. आणि आपल्याला पत्ता नाही!"

*

संध्याकाळी चौघींनी सापळा लावायचा ठरवला. सापळा म्हणजे काय, तर चेंडू मुद्दाम अडकवून ठेवायचा. पण महिनाभर न मागता अडकणारा चेंडू त्या दिवशी काही केल्या अडकेना! तारानं टाकला, कड्यातून गेला. चारुशीलानं टाकला, तोही गेला. रमानं तर डोळे मिटून टाकला, तरी गेला.

"असं अकोल्याले गेलं असतं तं!" रमा कपाळाला हात लावून म्हणाली.

शेवटी सत्यवतीनं वैतागून पाठीमागून भिरकावला आणि तो बरोब्बर अडकला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळं गाव कवाडं लोटून पडलेलं असताना, चौघी सामानाच्या खोलीत लपून बसल्या. खोलीत जुन्या सतरंज्या होत्या. "जरा टेकते," सत्यवती म्हणाली. "मीही जरा," चारुशीला म्हणाली. ताराला आठवत होतं ते इतकंच, की आपण झोपायचं नाही असं ती स्वतःला बजावत होती.

जाग आली तेव्हा ऊन उतरलं होतं. चेंडू चिंचेखाली होता, दोन्ही बाजूंना खडे लावून.

कुणी कुणाला रागावलं नाही. रागवायलाही थोडं बळ लागतं.

चेंडू पुन्हा अडकवून ठेवला, आणि त्याच्या पुढच्या दुपारी मात्र रमानं घरून मीठ लावलेली चिंच आणली आणि एकेक बुटूक जिभेखाली धरून ती खिडकीशी बसली. बाकीच्या तिघी पेंगत होत्या. फाटकाशी सूर्यभान घोरत होता. आणि तेव्हा ती आली.

कमरेवर घागर, डोक्यावरून घेतलेला पदरासारखा रुमाल, पायांत काही नाही. तोरणापाशी येताच तिनं मान खाली घातली, वाकली आणि अलगद पलीकडे आली. नळावर तिनं घागर भरली. मग तिला तो अडकलेला चेंडू दिसला. तिनं एक सुस्कारा सोडला. रोज रोज कोण अडकवून ठेवतं, असा तिचा चेहरा झाला. हात फ्रॉकला पुसायचीही तसदी न घेता तिनं दोन पावलं धाव घेतली आणि उडी मारली!

फाट!

चेंडू खाली आला. तिनं तो झेलला, चिंचेखाली ठेवला, दोन्ही बाजूंना खडे लावले.

"उठा वो! उठा! आली!" रमा किंचाळली.

ती मुलगी दचकली. तिनं घागर उचलली, पुन्हा तशीच वाकून तोरणाखालून गेली आणि गल्लीत पळाली. चौघी मागे धावल्या. चपला खोलीतच राहिल्या होत्या. तापलेल्या फुफाट्यात "हाय, हाय" करत, या सावलीतून त्या सावलीत उड्या मारत त्या पळत होत्या. तीन वळणं झाली आणि एका घरापाशी ती मुलगी थांबली. तिला थांबावंच लागलं, कारण घागर अर्धी सांडली होती आणि तिची मामी दारात उभी होती.

*

घराचं छप्पर अर्धं उघडं होतं. पावसाळ्याआधी सगळं वऱ्हाड करतं तेच काम चाललं होतं, कवेलू म्हणजे कौलं फेरायचं. फुटकी कवेलू काढायची, चांगली पुन्हा बसवायची. वर एक गृहस्थ बसले होते. ते तारघरात नोकरीला असलेले मोतीराम. खाली उभ्या होत्या त्या त्यांच्या पत्नी दुर्गाबाई. आणि उंच मुलगी होती त्यांची भाची पंचफुला. ती अकोल्याच्या जुन्या शहरातून सुट्टीला मामाकडे आली होती. आतल्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिला मोगऱ्याचा हार घातलेला होता.

"पोरी काहून धावून राह्यल्या तुह्या मांगं?" दुर्गाबाईंनी विचारलं. "काही केलं का तू?"

"मामी, तिनं काही केलं नाही!" तारा धापा टाकत म्हणाली. "आम्हाला ती हवी आहे. आमच्या संघात. अकोल्याविरुद्ध खेळायला."

पंचफुला भिंतीला टेकली. उभी असतानाही तिचे खांदे पुढे आलेले होते, जणू ती कुणाची तरी माफी मागत होती.

"मले नाई खेळाचं," ती म्हणाली. "सगळे पायतेत माह्याकडे. वरचा डबा काढ, पंचफुला. जाळं काढ, पंचफुला. अबबब, केवढी ही, हिले नवरा कोठून आणाचा! थकली मी. मैदानात अजून लोक पायतीन."

मग रमा म्हणाली, "मले बी पायतेत वो. बुटकी म्हणतेत. मी काय वाकून वाकून अजून बुटकी होऊ का?"

पंचफुलाला हसू आलं. तिनं ते लपवलं, पण चौघींनी पाहिलं होतं.

वरून मोतीराम म्हणाले, "हे पाय बेटा, राग मानू नको. तुमच्या मंडळात आमाले आजवर कोनी बलावलं नाई. पानी नेतो, ते सरकारी नळाचं हाय. पन खेळाले बिनबलावता आपली पोरगी जानार नाई. मानानं बलावलं तं जाईल."

"मी बोलावते आहे ना!" तारा म्हणाली.

"तू लेकरू हायेस, माय. मोठ्यानं बलावलं पायजे."

मामांचं बरोबर होतं आणि म्हणूनच ताराला जास्त वाईट वाटत होतं. काहीच करता येईना, तेव्हा चौघींनी कवेलू उचलायला सुरुवात केली. ढिगाऱ्यातून एकेक कवेलू पंचफुलाकडे उडवायचं, तिनं ते झेलून ओट्यावरून नुसता हात वर करून मामांना द्यायचं. तिला शिडी लागत नव्हती.

चारुशीलानं पहिलंच कवेलू फोडलं.

"असं नाई," पंचफुला म्हणाली. "दोघी एकदम धरू नाई. तुह्या हातात हाय तोवर ते तुहं. सुटलं का माहं. मधी मी वढलं तं फुटनारच."

मग एकही फुटलं नाही. आणि बापूसाहेबांचं तोरण, टेबल, नारळ आणि तो शब्द ताराला आठवला तो नेमका त्या वेळी, दोन्ही हातांत कवेलू असताना. मोठ्या माणसांचे शब्द मोठी माणसं विसरतात. मुलं विसरत नाहीत.

"मामा!" ती ओरडली. "मोठ्यांनी स्वतः येऊन बोलावलं तर पाठवाल?"

"शब्द देतो," मोतीराम म्हणाले, आणि पंचफुलानंही हळूच मान हलवली.

*

बेत सोपा होता. संध्याकाळी बापूसाहेब, खुशालराव सर आणि शिबिराची सगळी मुलं मैदानावर असताना पंचफुलानं घागर घेऊन फाटकातून यायचं, ताठ मानेनं. तोरण डोक्याला लागलं की झालं!

ती आली. तोरणापाशी पोचली आणि वाकली.

"अगं, सरळ!" चारुशीला दात-ओठ खात कुजबुजली. "जा, परत ये."

ती परत गेली, परत आली आणि परत वाकली. डोकं पानांच्या खालून बोटभर अंतरानं निघून गेलं.

"मान आपोआपच खाली जाते वो," ती रडवेली होऊन म्हणाली. "मी नाई वाकवत. तेच वाकते. सगळ्या दारांत वाकली मी आजवर."

सूर्यभान डोळे चोळत पाहू लागला. "ह्या पोरी काय करून राह्यल्या?" बापूसाहेबही वळले. आता क्षणभरात ते इकडे येणार, प्रश्न विचारणार आणि सगळं फिसकटणार!

"रमा!" तारा ओरडली. "चेंडू! उंच टाक! फाटकावरून!"

रमानं दोन्ही हातांनी चेंडू असा उडवला, की तो तोरणाच्या वरून पलीकडे रस्त्यावर निघाला. पंचफुलानं मान वर केली. तिनं घागर टाकली. ती दार विसरली, वाकायचं विसरली, फक्त चेंडूकडे पाहत धावली आणि फाटकातच तिनं उडी मारली. चेंडू तिच्या हातात आला, तोरण तिच्या कपाळावर आलं, दोरी तटकन तुटली आणि करपलेल्या पानांची माळ तिच्या गळ्यात पडली!

मग शिबिराची मुलं ओरडायला लागली, "लागलं! लागलं! तोरण लागलं!"

"कोण... कोणाची मुलगी ही?" बापूसाहेबांनी विचारलं.

"तारघरातल्या मोतीरामजींची भाची," तारा म्हणाली. "आणि बापूसाहेब, फळीवरचा पंजाही हिचाच. तुमचा सहा फुटी चोर!"

बापूसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. खुशालराव सर तसे फार कमी बोलत. ते पुढे आले आणि सावकाश म्हणाले, "बापूसाहेब, नारळ तुम्ही आणता का मी आणू? शब्द सगळ्यांसमोर दिलेला आहे."

शंभर डोळे बापूसाहेबांकडे लागले होते. शेवटी त्यांनी टोपी सारखी केली. "मीच आणतो," ते म्हणाले.

आणि ते खरोखरच गेले. दुर्गाबाईंनी त्यांना पाटावर बसवलं, चहा दिला. मोतीरामांनी नारळ दोन्ही हातांनी घेतला. बापूसाहेब चहा प्याले आणि म्हणाले, "मुलीला पाठवा. आमच्या मंडळाला तिची गरज आहे." हे म्हणताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच लहान होता.

*

यानंतर सगळं सोपं झालं असेल असं वाटतं ना? झालं नाही. उंच मुलगी मिळाली म्हणजे चेंडू अडवणारी मुलगी मिळाली असं नसतं. पंचफुला उडी मारायची आणि चेंडूऐवजी समोरच्या मुलीच्या हातावर थाप मारायची.

"दोष!" सर शिट्टी वाजवायचे. "हाताला लागलं. पुन्हा!"

"दोष! पुन्हा!"

सकाळ-संध्याकाळ तेच. पाचव्या दोषाला खेळाडू बाहेर, हा नियम. सरावात पंचफुला घटकाभरात बाहेर जायची. सगळ्यांचे पाय भरून यायचे, घसे सुकायचे, रमाचं तर चालताना रडू यायचं. एकदा पंचफुला कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी मामीकडे कवेलू फेरलेली बरी."

ताराच्या डोक्यात काहीतरी हललं, पण ती इतकी थकली होती की ते काय होतं ते तिला लगेच समजलं नाही.

सामन्याच्या दिवशी सगळे एस.टी.नं अकोल्याला गेले. मूर्तिजापूरपर्यंत संघातलं कुणी जागं नव्हतं.

अकोल्याच्या मैदानाभोवती तारेचं कुंपण होतं आणि कुंपणाला लोक चिकटले होते. खेळ सुरू झाला. अकोल्याच्या मुली नेहमीसारख्या कड्यासमोर निवांत उभ्या राहिल्या आणि या वेळी त्यांना त्यांच्यावर सावली पडलेली दिसली. पंचफुलानं एक चेंडू अडवला. दुसरा अडवला. मग शिट्टी. हाताला लागलं. मग आणखी शिट्टी. उत्तरार्ध निम्मा झाला तेव्हा तिचे चार दोष भरले होते आणि अमरावती एका गुणानं पुढे होती.

"आणखी एक आणि ती बाहेर," चारुशीला म्हणाली. "मग आपण चौघीच!"

पंचफुला आता उडीच मारेना. ती हात पाठीमागे धरून उभी राहिली, खांदे पुन्हा पुढे आले, मान खाली गेली. अकोल्यानं दोन गुण घेतले. अमरावतीनं कसेबसे दोन परत मिळवले आणि पुन्हा एका गुणानं पुढे गेली. घड्याळ संपत आलं. चेंडू अकोल्याच्या सगळ्यांत चांगल्या नेमबाज मुलीच्या हातात होता आणि ती कड्यासमोर उभी होती. ताराला मैदानाच्या जागी पत्र्याची शेड दिसायला लागली.

आणि मग तिच्या डोक्यात हललेलं ते काहीतरी एकदम समोर आलं.

"पंचफुला!" तिनं जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं. "कवेलू! तिच्या हातात आहे तोवर तिचं!"

पंचफुलानं मान वर केली. ती नेमबाज मुलीच्या हातांकडे पाहत राहिली. हलली नाही. मुलीनं नेम धरला, पंचफुला हलली नाही. मुलीनं हात उचलले, पंचफुला हलली नाही. चेंडू सुटला.

"आता माहं!" पंचफुला ओरडली आणि उडाली.

फाट!

चेंडू थेट कुंपणावर जाऊन आदळला. शिट्टी झाली. पण ती शिट्टी दोषाची नव्हती. वेळ संपली होती!

रमा पंचफुलाच्या गळ्याशी पोचेना, म्हणून तिनं तिच्या कमरेला मिठी मारली. सत्यवती आडवी पडली, या वेळी आनंदानं. तारा मात्र अखेर खाली बसली. आता बसायला हरकत नव्हती.

अकोल्याच्या मंडळाचे चिटणीस महादेवराव लगबगीनं आले. "शाब्बास! वा! काय अडवला चेंडू! कुठली गं तू?"

"हितलीच जी. जुन्या शहरातली."

"काय? अकोल्याची? आपली मुलगी?" महादेवराव बापूसाहेबांकडे वळले. "अहो, ही तर आमची! आमची मुलगी तुम्ही पळवलीत!"

पंचफुला थकली होती. तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं कुंपणाकडे बोट दाखवलं. "मी त्या तारेपाशी उभी राहत होती जी. रोज सांजच्याले. तुमच्या पोरी खेळत, मी पायत होती. कोनी आत ये म्हनलं नाई."

महादेवराव त्या कुंपणाकडे पाहत राहिले. तिथे आताही काही मुली तारेला धरून उभ्या होत्या.

"चुकलं आमचं, बेटा," ते म्हणाले. मग त्यांनी स्वतः जाऊन कुंपणाचं दार उघडलं आणि त्या मुलींना आत बोलावलं.

बापूसाहेब खाकरले. "मी म्हणतच होतो, तोरणाची युक्ती..." एवढं बोलून त्यांनी खुशालराव सरांकडे पाहिलं आणि ते थांबले. "नाही. माझ्या नाकासमोरून ही मुलगी रोज गेली आणि मी तिला चोर ठरवलं. शोधलं या पोरींनी. तारा, शेड होणार नाही. मैदान तुमचं. शाबासकी घ्या सगळ्या जणी."

"आणि ती फळी पुसायची नाही," रमा म्हणाली.

"नाही पुसणार," बापूसाहेब म्हणाले.

परतीची एस.टी. उशिराची होती. पंचफुला सगळ्यांना आपल्या घरी घेऊन निघाली. मोर्णा ओलांडून, जुन्या शहराच्या गल्ल्यांतून चौघी तिच्या मागे पाय ओढत चालल्या होत्या. ती पुढे चेंडू घेऊन, सामन्याची गोष्ट हातवारे करत सांगत होती. "ती अशी उभी, मी अशी, अन् मग सुटला का चेंडू..."

टण्ण!

घराच्या चौकटीवर तिचं डोकं सणसणून आपटलं. ती मटकन उंबऱ्यावर बसली. आतून तिची आई धावत आली.

"अवो माय! जनमल्यापासून हे दार हाय! वाकाचं इसरली का आज?"

पंचफुलानं कपाळ चोळलं. टेंगूळ चांगलंच येणार होतं. मग तिला हसू फुटलं आणि या वेळी तिनं ते लपवलं नाही.

"हो, आई," ती म्हणाली. "इसरलीच."